होडीच्या इंजिनातली एअर काढताना

पावसाळी बंदीत होडी दोन महिने उभी राहिली की टाकीत घाम धरतो आणि पाणी डिझेलखाली बसतं. म्हणून बंदी उठल्यावर पहिल्या फेरीआधीच फिल्टर बदला. टाकीचा कॉक बंद करून जुना फिल्टर काढा, त्यातलं डिझेल काचेच्या बरणीत ओता. तळाशी वेगळा थर दिसला तर टाकीही उपसावी लागणार. जुनं रबर वॉशर बैठकीला चिकटून राहतं, ते नखाने काढा. दोन वॉशर एकावर एक बसले की एअर पकडलीच, म्हणजे डिझेलच्या वाटेत हवा शिरलीच म्हणून समजा.

नवा फिल्टर बसवून आता कॉक उघडा. फिल्टर बदलताना आत शिरलेली हवा काढायची आहे. फिल्टरवरचा ब्लीड स्क्रू, म्हणजे हवा सोडायचा स्क्रू, एक आटा सैल करून फीड पंपाची (टाकीतून डिझेल ओढणाऱ्या पंपाची) दांडी हाताने मारा. आधी फेस येईल, मग बुडबुडे, मग सलग धार. धार चालू असतानाच स्क्रू आवळा. पुढे इंजेक्शन पंपावर, म्हणजे सिलिंडरकडे दाबाने डिझेल पाठवणाऱ्या पंपावर, हेच. दांडी ढिली लागली तर बहुतेक वेळा पंप बिघडलेला नसतो, कॅम (पंपाला ढकलणारा इंजिनातला फिरता उंचवटा) वर अडकलेला असतो. इंजिन एक फेरा फिरवा.

स्टार्टर फार वेळ मारावा लागला तर इंजिन थंड करणाऱ्या समुद्राच्या पाण्याचा कॉक तेवढ्यापुरता बंद ठेवा, नाहीतर सायलेन्सर भरून पाणी सिलिंडरमध्ये उतरतं. इंजिन धरलं की तो लगेच उघडा. हे विसरणारे बरेच आहेत, मीही त्यातलाच.