क्लॅमिडियाची टेस्ट करताय? मग या चुका टाळा

गडहिंग्लजहून सकाळच्या एसटीनं एक पोरगा आला होता, असंल पंचविशीचा. कोल्हापूरच्या सीबीएसला उतरल्या उतरल्या स्टँडवरच लघवीला जाऊन आला, वर बाटलीभर पाणी प्याला, कारण कुणीतरी सांगितलेलं की टेस्टच्या आधी भरपूर पाणी प्यायचं असतंय, आणि अर्ध्या तासात आमच्या लॅबच्या काउंटरवर हजर. मी डबी हातात दिली आणि सवयीनं बोलून गेले, "सुरवातीची थोडी सोडून द्या, मधली धरा." पाच मिनिटांत काठोकाठ भरलेली डबी घेऊन बाहेर आला, पाण्यासारखी. तेव्हा माझं लक्ष चिठ्ठीवर गेलं, यूरिन कल्चर (लघवीतला जंतू प्लेटवर वाढवून बघायची टेस्ट) नव्हतंच, क्लॅमिडियाची, म्हणजे संबंधातनं पसरणाऱ्या जंतूची, पीसीआर (जंतूचा अंश शोधणारी टेस्ट) लिहिली होती. चुकांतली शेवटची माझी होती. त्याला दोन तास बाकावर बसवलं, पाणी पिऊ दिलं नाही आणि परत सॅम्पल घेतलं. त्याचा दिवस गेला, पण तसलंच सॅम्पल पुढं पाठवलं असतं आणि रिपोर्ट निगेटिव्ह आला असता तर तो निवांत घरी गेला असता, याचा मला आजही त्रास होतो.

तर सॅम्पलचंच आधी सांगते. या टेस्टला लघवीची पहिली धार लागते. क्लॅमिडियाचा जंतू मूत्रमार्गाच्या आतल्या पेशींमध्ये राहतो, आणि पहिल्या धारेबरोबर त्या पेशी धुवून बाहेर येतात. मधली धार घेतली की नेमकं जे पाहिजे ते संडासात वाहून जातं. म्हणून आधी किमान एक तास लघवी करायची नाही, दोन तास धरलीत तर अजून चांगलं, आणि पहिली २० ते ३० मिलीच डबीत घ्यायची, बाकीची सोडून द्यायची. डबी भरून देणं म्हणजे सॅम्पल पातळ करणं. पाणी पिऊन यायचं ते सोनोग्राफीला, हिथं नाही.

बायकांसाठी लघवीपेक्षा योनीतला स्वॅब जास्त खात्रीचा, आणि तो स्वतःचा स्वतः घेता येतो हे बऱ्याच जणींना माहितीच नसतं. स्वॅबची काडी साधारण पाच सेंटीमीटर आत, दहा ते तीस सेकंद गोल फिरवायची आणि सरळ ट्यूबमध्ये टाकायची, मधे कुठं टेकवायची नाही. ट्यूबमधलं पाणी ओतून टाकू नका, ते सॅम्पल टिकवायचं द्रावण असतंय! एका ताईंनी "खराब पाणी होतं" म्हणून बेसिनमध्ये ओतलं होतं, चूक त्यांची नाही, त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. आणि तोंडाचा किंवा गुदद्वाराचा संबंध आला असंल तर तसं डॉक्टरांना स्पष्ट सांगा, तिथला जंतू लघवीत सापडत नाही, त्या जागेचा वेगळा स्वॅब घ्यावा लागतो.

आता त्याच्याही आधीची चूक, म्हणजे त्रास व्हायची वाट बघणं. बायकांमध्ये दहातल्या सात-आठ जणींना आणि पुरुषांत जवळजवळ निम्म्यांना काहीच लक्षण नसतं. ज्यांना असतं ते लघवीला जळजळ झाली की "उन्हाळी लागली, तांबडा रस्सा जास्त झाला" म्हणून सब्जा आणि धणे-जिऱ्याच्या पाण्यावर आठ दिवस काढतात, जळजळ आपोआप कमी होते आणि विषय संपला असं वाटतं. बाई असली तर "अंगावरून पांढरं जातंय, सगळ्यांनाच जातंय" म्हणून गप्प बसते. जंतू मात्र वर सरकत गर्भाशयात, नळ्यांमध्ये जातो, तिथं सूज येते, नळ्या बंद होतात, मूल राहत नाही किंवा नळीतच गर्भ राहतो आणि तो जिवावर बेततो. पुढं वर्षानुवर्षं लोक सुनेला बोलत बसतात. हे मी काउंटरवर बसून ऐकलंय म्हणून लिहितेय.

अमेरिकेत २५ वर्षांखालच्या, संबंध असलेल्या बायकांना दरवर्षी ही टेस्ट करायला सांगतात. आपल्याकडं सरकारी दवाखान्यात बरीच वर्षं लक्षणं बघून औषधाचं रंगीत किट देतात. ज्याला त्रास होतोय त्याला ताबडतोब औषध मिळतं हे चांगलंच आहे. पण ज्याला लक्षणच नाही तो त्यातनं निसटतो, त्याला स्वतःहून विचारावं लागतं. नवीन जोडीदार असंल किंवा जोडीदाराला काही निघालं असंल तर विचारा. शेवटच्या संबंधानंतर दोन आठवडे झाले नसतील तर निगेटिव्ह रिपोर्टवर विसंबू नका, परत करा.

दुसरी मोठी गफलत चुकीच्या टेस्टची. "मॅडम, मी फुल बॉडी केलंय, सगळं नॉर्मल." त्या पॅकेजमध्ये एचआयव्ही, व्हीडीआरएल (सिफिलिसची टेस्ट) असतील, क्लॅमिडिया बहुतेक नसतो. पॅप स्मिअरमध्येही (गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरची तपासणी) बघत नाहीत. कल्चर "नो ग्रोथ" आलं म्हणजे सुटलो असंही नाही, कारण हा जंतू जिवंत पेशीच्या आतच वाढतो, आपल्या नेहमीच्या प्लेटवर उगवतच नाही. उलट लघवीत पस सेल्स (पू झाल्याच्या पेशी) दिसताहेत आणि कल्चरमध्ये काही नाही, तर तिथंच शंका घ्यायला पाहिजे. रक्तातली अँटीबॉडी पण आत्ताचं इन्फेक्शन सांगत नाही. चिठ्ठीवर पीसीआर किंवा नाट (NAAT, त्याच प्रकारची टेस्ट) असं लिहिलंय का बघून घ्या.

आजीच्या तोंडी ऐकलेला डोळ्यातल्या खुपऱ्यांचा रोग याच जंतूचा, फक्त प्रकार वेगळा. तो रोग सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून भारतातनं संपला असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०२४ मध्ये जाहीर केलं. खुपऱ्यांबद्दल लोक चारचौघांत बोलायचे, याच्याबद्दल कोण बोलत नाही.

औषधाच्या चुका. सर्दीच्या वेळच्या उरलेल्या किंवा मेडिकलमधनं आणलेल्या अँटिबायोटिकच्या दोन गोळ्या आधीच खाल्ल्या तर रोग पुरता जात नाही आणि टेस्टही फसू शकते. सध्या पहिली पसंती डॉक्सिसायक्लिनला, १०० मिलिग्रॅम दिवसातनं दोनदा, सात दिवस पूर्ण, अर्थात डॉक्टरांनी दिली तरच. तिसऱ्या दिवशी बरं वाटलं म्हणून सोडू नका. गोळी गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर धारोष्ण दुधाबरोबर घेऊ नका, दूध, अ‍ॅसिडिटीचं औषध, लोहाच्या गोळ्या यांच्यामुळं ती नीट अंगी लागत नाही. ग्लासभर पाण्याबरोबर घ्या आणि लगेच आडवं होऊ नका, घशात अडकून जखम होते. या गोळीनं ऊन लवकर बाधतं, शेतावर असाल तर उन्हात टोपी आणि पूर्ण बाह्या. दिवस गेलेले असतील किंवा शंका असंल तर आधी सांगा, मग डॉक्सी देत नाहीत, अझिथ्रोमायसिन देतात.

सगळ्यात जास्त नडणारी चूक एकट्यानंच औषध घेणं. मागच्या दोन महिन्यांतल्या जोडीदारांना कळवायला लागतं, आणि दोघांचंही औषध पूर्ण होऊन सात दिवस होईपर्यंत संबंध नकोत. हा रोग एकदा झाला म्हणून परत होत नाही असं काही नाही, घरातनंच परत येतो. नवऱ्याला सांगायचं कसं म्हणून बायका रडतात, तेव्हा मी सांगते की काउन्सेलरसमोर दोघं बसा, तिथं कुणाकडनं आलं याचा हिशोब कोण मागत नाही, आणि लक्षणं नसताना हा कितीतरी महिने अंगात राहू शकतो, त्यामुळं तारीख काढून भांडण्यात अर्थ नाही.

ओळखीचं कुणी भेटंल म्हणून कोल्हापूरचे लोक सांगलीला जातात आणि सांगलीचे हिकडं येतात, जावा बापडे, पण जावा. सरकारी मोठ्या दवाखान्यात सुरक्षा क्लिनिक (असल्या संबंधातनं होणाऱ्या रोगांचा सरकारी दवाखाना) कुठं आहे एवढंच विचारा, कारण सांगायची गरज नाही. फोनवर विचारायचं असंल तर १०९७, सरकारी एड्स हेल्पलाइन, फुकट आहे.

आणि औषध संपलं की चार आठवड्यांच्या आत परत टेस्ट करू नका, मेलेल्या जंतूंचा अंश राहिल्यामुळं पॉझिटिव्ह येऊ शकतं आणि माणूस उगाच घाबरतो. तीन महिन्यांनी मात्र नक्की करा. त्या दिवशी स्टँडवर लघवीला जाऊ नका, सरळ काउंटरला या.