थंडीआधी खात्यात पैसे यायचे तर

2018 च्या 29 डिसेंबरला नागपूरचा पारा 3.5 अंशांवर उतरला होता. टिनपत्र्याच्या घरात एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसासाठी अशी रात्र जिवावर बेतते. थंडीसाठी वेगळं अनुदान शोधत बसू नका, आहेत त्याच योजना दिवाळीआधी मार्गी लावा.

65 आणि त्यापुढच्या निराधार वृद्धांना श्रावणबाळ निवृत्तीवेतन योजना. त्याखालच्या निराधार, विधवा, दिव्यांग किंवा दुर्धर आजारी व्यक्तीला संजय गांधी निराधार योजना. दोन्हींत महिन्याला 1,500 रुपये, दिव्यांगांना 2,500. अर्ज सेतू केंद्रातून किंवा तहसीलच्या संजय गांधी शाखेत करा. आधार, रेशनकार्ड, वयाचा पुरावा, किमान 15 वर्षं महाराष्ट्रात राहत असल्याचा दाखला आणि पासबुक लागतं. अर्ज अडतो तो बहुधा उत्पन्नाच्या दाखल्यावर. नाव दारिद्र्यरेषेच्या यादीत नसेल तर कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 21,000 च्या आत हवं (दिव्यांगांची मर्यादा वेगळी आहे, ती शाखेत विचारा). दुसऱ्या कामासाठी काढलेला मोठ्या आकड्याचा जुना दाखला जोडला की अर्ज गेलाच.

मंजुरी मिळूनही पैसे दिसत नाहीत? ते थेट आधारला जोडलेल्या खात्यात जातात, अर्जात लिहिलेल्या खात्यात नव्हे. कधीकाळी उघडलेलं, विसरलेलं खातं जोडलेलं असलं तर रक्कम तिकडेच पडून राहते. बँकेत ‘डीबीटीसाठी (म्हणजे थेट जमा होणाऱ्या सरकारी पैशांसाठी) कोणतं खातं जोडलंय’ एवढंच विचारा. हयातीचा दाखला दरवर्षी द्यावा लागतो. घासलेल्या बोटांचे ठसे उमटत नसतील तर चेहऱ्याने ओळख पटवायला सांगा.

मुख्यमंत्री वयोश्री योजनेचे 3,000 रुपये एकदाच मिळतात: वय 65 च्या पुढे, उत्पन्न 2 लाखांच्या आत. हे पैसे म्हातारपणी लागणाऱ्या आधार-साधनांसाठी असतात, त्यात ब्लँकेटचं बिल चालत नाही. कमोड खुर्ची, वॉकर, नी-ब्रेस चालतं. संडास घराबाहेर असेल तर कमोड खुर्चीच घ्या. गारठ्यात रात्री उठून पडण्याची भीती जाते. बिल जपून ठेवा, ते 30 दिवसांत योजनेच्या पोर्टलवर चढवायचं असतं.

हाती आलेल्या पैशांतून आधी अंगाखालची सोय करा. फरशी अंगातली ऊब ओढून घेते, म्हणून खाली पुठ्ठ्याचे दोन-तीन थर किंवा तणस, वर वाकळ. एका जाड ब्लँकेटपेक्षा दोन पातळ बरी, मधली हवा ऊब धरते. कानटोपी आणि मोजे झोपतानाही असू द्या. सिगडी मात्र बंद खोलीत कधीच नको: कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि झोपलेला माणूस उठतच नाही.

रस्त्यावर झोपणाऱ्यांसाठी मनपाचे बेघर निवारे आहेत. कुणी बरळू लागलं, कुडकुडणं थांबून सुस्त पडलं तर 108 लावून मेयो किंवा मेडिकल या नागपूरच्या सरकारी रुग्णालयांत न्या. तोवर ओले कपडे काढून कोरड्या पांघरुणात गुंडाळा. हातपाय चोळू नका, दारू तर अजिबात पाजू नका.