जुनी भारतीय तिकिटं: आधी पालथी करा, मग किंमत सांगा

"राणीचं तिकीट सापडलंय, किती येतील?" असं कुणी विचारलं की मी म्हणतो, आधी ते पालथं कर. पुढची बाजू फक्त ओळख सांगते. तीन शब्द आधी लक्षात ठेवा: मिंट म्हणजे न वापरलेलं कोरं तिकीट, हिंज म्हणजे तिकीट अल्बमात चिकटवायची कागदी पट्टी, परफोरेशन म्हणजे कडेची भोकं. आणि एक कटू गोष्ट लगेच सांगून टाकतो: व्हिक्टोरिया राणीची आणि पंचम जॉर्जची अर्धा-एक आण्याची सुटी, शिक्का बसलेली तिकिटं ढिगाने मिळतात. त्यातल्या बहुतेकांच्या पैशांत चहाही येत नाही.

ओळख पटवणं त्या मानाने सोपं. वॉटरमार्क म्हणजे कागदातच उमटवलेली खूण बघायची. १८६५ पासून काही वर्षं हत्तीच्या डोक्याचा वॉटरमार्क होता, पुढे तारा आला. पंचम जॉर्जच्या तिकिटात एकच तारा दिसला तर छपाई लंडनच्या डे ला रू या छापखान्याची. ताऱ्यांची रांगच असेल तर ते १९२६ पासूनचं, आपल्या नाशिकच्या छापखान्यातलं. १९५७ च्या नकाशा मालिकेतही तोच प्रकार: आधी तारे, १९५८ पासून अशोकस्तंभ. ही खूण दिसायला काळ्या ट्रेमध्ये तिकीट पालथं ठेवून लायटरच्या पेट्रोलचे दोन थेंब टाका. खिडकी उघडी ठेवा, आणि देवापुढचा दिवा लांब असू द्या.

१९४९ च्या पुरातत्त्व मालिकेतल्या १ आण्याच्या बोधिसत्त्वाला तर एवढंही करावं लागत नाही. आधी मूर्तीचं चित्र आरशातल्यासारखं उलटं छापलं गेलं होतं, १९५० मध्ये ते सरळ करून पुन्हा काढलं. पसरलेला हात कुठल्या बाजूला आहे ते बघितलं की झालं. पण चूक म्हणजे घबाड असं समजू नका, ते 'चुकीचं' तिकीट तेव्हा पोस्टात राजरोस विकलं जात होतं.

आता मागची बाजू, म्हणजे गोंद. माझा खिसा इथेच कापला गेला, म्हणून जरा लांबण लावतो.

१५ ऑगस्ट १९४८ चा गांधीजींचा संच सगळ्यांनाच हवा असतो: दीड आणा, साडेतीन आणे, बारा आणे आणि १० रुपये. छपाई स्वित्झर्लंडच्या कूर्व्हॉझिए छापखान्याची. त्यातलं १० रुपयांचं तिकीट कोरं, मूळ गोंदाचं आणि हिंज न लागलेलं असेल तर एक भाव. हिंजचा डाग असेल तर भाव दणकन उतरतो, गोंद गेलेला असेल तर आणखी खाली. ही दरी आहे म्हणूनच गोंद नव्याने लावण्याचा धंदा चालतो. धंद्यातले लोक त्याला 'रीगम' म्हणतात. मला मिळालेलं तिकीट इतकं नितळ होतं की शंका यायला हवी होती. आपल्या पावसाळ्यांतून गेलेला जुना गोंद सहसा इतका गुळगुळीत राहत नाही.

ओळखायचं असं. अख्ख्या शीटला गोंद आधी लागतो, भोकं नंतर पडतात. त्यामुळे तिकीट फाडून वेगळं केलं की दात्यांच्या टोकांना कागदाचे मोकळे, मऊ तंतू राहतात. सुट्या तिकिटाला मागाहून गोंद लावला की तो त्या तंतूंत झिरपतो आणि टोकं कडक होतात. दहापट भिंगाखाली ती चकाकतात, बोटाच्या पेरावरून अलगद फिरवली तर टोचतात. तिरप्या उजेडात धरा, हिंज उपटताना सोलला गेलेला कागद नव्या गोंदाखालूनही खळग्यासारखा दिसतो. सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे त्याच संचातलं दीड आण्याचं खात्रीचं तिकीट जवळ ठेवा आणि दोन्हींच्या पाठी शेजारी शेजारी बघा. पटलं नाही तर परत करा, भीड धरू नका. 'आपल्यातलाच माणूस आहे' म्हणून गप्प बसणारे सर्वात जास्त बुडतात.

घाबरून छंद सोडू नका मात्र. वीस-तीस तिकिटांच्या पाठी नीट बघितल्या की नजर बसते, खरंच बसते.

गोंदाचा धाकटा भाऊ म्हणजे पेनची सही. १९०६ पासून एडवर्ड राजाच्या अर्धा आणा आणि एक आण्याच्या तिकिटांवर 'पोस्टेज अँड रेव्हेन्यू' आलं आणि तीच तिकिटं पावत्यांवरही लागू लागली. सहीवाल्या तिकिटाला टपाल संग्राहकाच्या लेखी फारसं मोल नाही, म्हणून शाई धुऊन ती 'कोरी' केलेली सापडतात. अतिनील टॉर्चखाली बरेचदा शाईची रेघ उमटते.

ओव्हरप्रिंट, म्हणजे तयार तिकिटावर मागाहून छापलेली अक्षरं? पटियाळा, नाभा, ग्वाल्हेर वगैरे संस्थानांच्या अशा छापांच्या नकला भरपूर आहेत. गांधीजींच्या १० रुपयांवर 'सर्व्हिस' छापलेलं तिकीट गव्हर्नर जनरलच्या कार्यालयासाठी होतं. तुमच्या आजोबांकडे ते नव्हतं.

भावासाठी स्टॅनली गिबन्सचा कॅटलॉग, म्हणजे तिकिटांची भावासकट यादी, लागतोच, पण ओळख पटवायला जुनी आवृत्ती पुरते. अप्पा बळवंत चौकात किंवा फोर्टच्या फुटपाथवर नशीब असेल तर मिळेल. त्यातला आकडा म्हणजे निर्दोष प्रतीचा दुकानभाव. तुम्ही विकायला गेलात की त्याचा छोटा हिस्साच हाती येतो. सर्वात खालचे आकडे तर तिकीट शोधून, पाकिटात घालून देण्याची मजुरी असते. फोटोवरून भाव सांगणारी अ‍ॅप मला बिलकूल पटत नाहीत, त्यांना पाठ दिसत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या 'गुरुजीं'चंही तेच, त्यातून त्यांना तुमचाच माल घ्यायचा असेल तर विचारूच नका. लिलावाला जाऊन नुसतं बसा, बोली लावू नका. महागड्या तिकिटाला तज्ज्ञांचं प्रमाणपत्र घ्या, पण शंभर रुपयांच्या तिकिटासाठी तो खर्च वेडेपणा.

घरात जुनी पाकिटं निघाली तर त्यांवरची तिकिटं पाण्यात घालून सोडवू नका. सुटं कुणी विचारणार नाही असं एक आण्याचं तिकीट एखाद्या छोट्या गावच्या स्वच्छ शिक्क्यासकट पाकिटावर असलं की गिऱ्हाईक मिळतं. मागचा पोचल्याचा शिक्काही मोलाचा. फाटकं असलं तरी सेलोटेप लावू नका.