पाणीटंचाईत लीड्स-लिव्हरपूल कालव्यातून बोट नेताना

उत्तर इंग्लंडमधील सुमारे २०४ किलोमीटरच्या या कालव्याच्या माथ्यावरील टप्प्याला पेनाइन डोंगरांतील जलाशय पाणी पुरवतात. ते आटले की लॉक, म्हणजे पाण्याची पातळी बदलून बोट वर-खाली नेणारे दरवाजेबंद कप्पे, बंद होतात, जसे २०२५ च्या उन्हाळ्यात मोठ्या भागात झाले. लॉक काही काळापुरते उघडतात, तेव्हा कालव्याची व्यवस्था पाहणाऱ्या कॅनल अँड रिव्हर ट्रस्टची सूचना निघण्याच्या आदल्या दिवशी आणि त्याच सकाळी पुन्हा वाचावी, कारण वेळा आणि नोंदणीच्या अटी बदलू शकतात.

एक लॉक रिकामे करताना साधारण दोन लाख लिटर पाणी खाली जाते. म्हणून सुमारे दोन मीटर रुंदीच्या नॅरोबोटीने एकटीने न जाता सोबतीच्या बोटीची वाट पाहावी. दोन्ही शेजारी शेजारी सहज मावतात. समोरून बोट येत असेल आणि लॉकमधील पातळी तिच्या सोयीची असेल, तर तिला आधी येऊ द्यावे. ते भरण्याची किंवा रिकामे करण्याची घाई, माझ्या मते, टंचाईतला सर्वांत टाळता येण्याजोगा अपव्यय आहे. बाहेर पडल्यावर दरवाजे लावून पाण्याच्या झडपा पूर्ण खाली आल्याची खात्री करावी. बिंग्लीच्या पाच पायऱ्यांच्या लॉकवर मात्र तेथील कर्मचारी सांगतील तोच क्रम पाळावा.

उथळ पाण्यात मध्यभागातून सावकाश जावे. मुक्कामी दोर थोडे सैल बांधावेत, अन्यथा रात्रीत पातळी उतरल्यास बोट कलते.