स्नॉर्कलिंगच्या बोटीवर जाताय? मग या चुका टाळा

स्नॉर्कलिंगला (म्हणजे मास्क आणि श्वासाची नळी लावून, पाण्यावर पालथं तरंगत खालचं बघायला) जाताना छोट्या ग्रुपची टूर लोक जास्त पैसे देऊन का घेतात, तर बोटीवर आठ-दहाच जण असतात, गाईड आपल्याला तोंडानं ओळखतो आणि पाण्यात उतरल्यावर चाळीस जणांच्या लाथा खाव्या लागत नाहीत. आणि एवढं करून माणूस बोटीवर बसल्यावर काय करतो, तर गप्प बसतो. मास्क गळतोय, गप्प. पोटात ढवळतंय, गप्प. पोहता येत नाही, त्यावर तर तोंडाला कुलूपच. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा अगदी हेच केलं, पाऊण तास नुसतं मास्कमधलं खारं पाणी काढत बसलो, आणि वर आल्यावर बाकीचे सगळे कासव कसं अगदी खालून गेलं ते सांगत होते. मी मान डोलावली. गाईड सगळा वेळ माझ्यापासून पाच मीटरवर होता आणि माझा प्रॉब्लेम दोन मिनिटांत सुटणारा होता, पट्टा जास्त आवळला होता बस. तर खालच्या बऱ्याचशा चुकांचं मूळ हेच आहे, विचारायची लाज.

बुक करतानाच होणारी चूक

"स्मॉल ग्रुप" हे कुणीही लिहू शकतं. विचारायचे प्रश्न दोन, बोटीवर जास्तीत जास्त किती माणसं, आणि पाण्यात गाईड किती. दुसरा प्रश्न लोक विचारतच नाहीत. बोट चालवणारा बोटीवरच थांबतो (थांबायलाच पाहिजे), म्हणजे क्रू दोघांचा असेल तर पाण्यात एकच माणूस, आणि त्याच्या मागे दहा नवशिके असतील तर तो सगळ्यांकडे कसा बघणार?

सकाळची फेरी मिळत असेल तर तीच घ्या. स्नॉर्कलिंगच्या बेटांवर ऊन चढलं की बहुतेक वेळा वारा वाढतो, पाणी खवळतं, खालचं नीट दिसत नाही. आणि बेटाच्या एका बाजूला वारा थेट आदळतो आणि दुसरी बाजू आडोशाला असते, त्यामुळे कप्तानानं सकाळी उठून ठरलेला स्पॉट बदलला तर "पण फोटोत तर दुसरी जागा होती" म्हणून वाद घालू नका, तो तुमच्या भल्यासाठीच बदलतोय. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, भरती-ओहोटीची ओढ जास्त, तेव्हा पहिल्यांदाच जाणाऱ्यांनी तारीख थोडी मागेपुढे केलेली बरी. मोठा पाऊस पडून गेला असेल तर जमिनीवरचा गाळ समुद्रात येतो, मग एक-दोन दिवस गढूळच.

बोट लागणं

गोळी बोट सुटल्यावर घेणं ही सगळ्यात कॉमन चूक. मळमळ सुरू झाल्यावर पोट काही नीट शोषून घेत नाही, आणि गोळी उलटीबरोबर बाहेर. बहुतेक गोळ्या निघायच्या तासभर तरी आधी घ्यायच्या असतात, आणि काहींनी चांगलीच गुंगी येते, म्हणून पहिल्यांदा घेताय तर डॉक्टरला विचारा, झोपाळलेलं होऊन पाण्यात उतरायचं नाहीये. उपाशीपोटी जाऊ नका आणि तेलकट हादडूनही जाऊ नका.

बसायचं मागच्या बाजूला, शक्य तितकं मधोमध, तिथं बोट कमी उसळते. नजर क्षितिजावर. फोनमध्ये डोकं घातलंत की संपलं, कारण डोळे सांगतात सगळं स्थिर आहे आणि कान सांगतात हलतंय, त्या भांडणातूनच तर मळमळ येते. उलटी आलीच तर आतल्या टॉयलेटमध्ये पळू नका, बंद जागेत दुप्पट होतं, वारा जिकडून बाहेर जातोय त्या बाजूच्या कठड्याला जा. दुसऱ्या बाजूला गेलात तर काय होतं ते मागे बसलेल्यांना विचारा. स्पॉटवर पोचून इंजिन बंद झालं की बोट जास्तच डोलायला लागते, म्हणून तेव्हा गाईडला सांगून लवकर पाण्यात उतरलेलं बऱ्याच जणांना बरं वाटतं.

मास्क: इथं थोडा वेळ द्या

मास्क निवडताना पट्टा डोक्यावर न चढवता नुसता चेहऱ्याला लावा आणि नाकानं हलकासा श्वास आत ओढा. हात सोडल्यावर चिकटून राहिला तर मास्क तुमचा, पडला तर दुसरा मागा. बोटीवर वेगवेगळे साइज असतात, पण मागितल्याशिवाय कोण देणार.

गळतोय? तर आधी केस बघा, रबराच्या कडेखाली कपाळावरची एक बट जरी अडकली तरी पाणी येतं. मग मिशी. मिशीवाल्यांना वरच्या ओठाशी गळतं, त्यावर सिलिकॉन ग्रीस लावतात, किंवा थोडं पाणी येणार हे मान्य करून नाकाशी साचलेलं पाणी मधूनमधून काढायचं. आणि मग पट्टा. गळलं की माणसाचा हात आपोआप पट्टा आवळायला जातो, आणि जास्त आवळला की कड दुमडते आणि आणखी गळतं, मग आणखी आवळतो, शेवटी डोकं दुखायला लागतं आणि पाणी आहे तिथंच. पट्टा डोक्याच्या मागे, कानांच्या वर, सैलसर हवा, मास्क जागेवर दाबून धरायचं काम पाणीच करतं.

धुकं येत असेल तर त्याची कारणं वेगळी. नवा कोरा स्वतःचा मास्क असेल तर काचेवर कारखान्यातला पातळ थर असतो, तो घरीच साध्या टूथपेस्टनं घासून काढायचा (खरी काच असेल तरच, प्लॅस्टिकला ओरखडे पडतात). बोटीवरच्या मास्कला आत थुंकी किंवा बेबी शाम्पूचा थेंब चोळायचा, एकदा विसळायचं आणि मग आत बोट लावायचं नाही, पुसायचं तर नाहीच. हे सगळं करूनही धुकं येतंय म्हणजे तुम्ही नाकानं श्वास सोडताय. मास्क कपाळावर चढवून गप्पा मारत बसायची सवय पण सोडा, घामानं काच परत धुरकटते आणि लाटेत मास्क जातो तो वेगळाच.

चष्मावाल्यांनी आधी कळवा, ठरावीक नंबरांचे मास्क बऱ्याच ठिकाणी ठेवलेले असतात. कॉन्टॅक्ट लेन्स घालून उतरणं टाळलेलंच बरं, समुद्राच्या पाण्यातले जंतू लेन्सखाली अडकले की डोळ्याचं इन्फेक्शन वाईट होतं. आणि हो, पाण्याखाली सगळं साधारण एक तृतीयांश मोठं दिसतं, शिवाय जवळ वाटतं, म्हणून "एवढा मासा बघितला" म्हणणाऱ्याला थोडी सूट द्या.

श्वास

खरी गडबड इथं होते. नवीन माणूस पाण्यात तोंड घालतो आणि धाप लागल्यासारखे भराभर छोटे श्वास घ्यायला लागतो. आता नळीत जेवढी हवा मावते तेवढी हवा तुम्ही सोडलेलीच परत ओढता, श्वास छोटा असला की ताजी हवा फुप्फुसापर्यंत पोचतच नाही, कार्बन डायऑक्साइड साठतो, त्यानं आणखी धाप लागते आणि मग माणूस घाबरतो. उपाय म्हणजे सावकाश लांब श्वास, आणि आत घेण्यापेक्षा पूर्ण बाहेर सोडण्यावर लक्ष. पहिली पाच मिनिटं कुठंही जाऊ नका, शिडीजवळच तोंड पाण्यात घालून तरंगा, मासे कुठं पळून जात नाहीत. म्हणजे पळतात, पण दुसरे येतात.

नळीत पाणी आलं तर नळी तोंडातून काढायची घाई करू नका, "टू" म्हटल्यासारखा जोरात फुंकर मारा, पाणी वरून उडतं, पुढचा श्वास मात्र जपून, राहिलेला थेंब घशात जातो. सारखंच पाणी येत असेल तर मान बघा, स्वतःचे पाय बघायला हनुवटी छातीला लावली की नळीचं तोंड बुडतं.

पूर्ण चेहऱ्याचे मास्क मिळतात हल्ली, ते नवशिक्यांना सोपे वाटतात कारण नाकानं श्वास घेता येतो. पण आतली जागा मोठी असते, झडपा नीट बंद होत नसतील तर सोडलेली हवाच परत येते, आणि गडबड झाली तर तोंडातली नळी थुंकून टाकावी तसं ते पटकन काढता येत नाही. मला विचाराल तर साधा मास्क आणि साधी नळी.

खाली सूर मारायच्या आधी भराभर दहा-वीस श्वास घेऊन "स्टॉक भरायचा" प्रकार तर कधीच करू नका. त्यानं ऑक्सिजन फारसा वाढत नाही, फक्त कार्बन डायऑक्साइड कमी होतो, आणि श्वास घ्यायची इच्छा त्याच्यामुळेच होत असते. म्हणजे शरीर धोक्याची घंटा वाजवायच्या आधीच शुद्ध जाऊ शकते, चांगल्या पोहणाऱ्यांचीसुद्धा.

हृदयाचा त्रास, बीपी, दमा असेल तर डॉक्टरला विचारूनच जा आणि बोटीवर सांगा. पोहता येत नसेल तर तेही सांगा, जॅकेट घालून, रिंग धरून, गाईडच्या बाजूला राहून छान बघता येतं आणि त्यात कमीपणा काही नाही. एक लक्षात घ्या, शुद्ध हरपलेला स्नॉर्कलर लांबून नुसता तरंगणाऱ्या स्नॉर्कलरसारखाच दिसतो, दोघेही पालथे आणि शांत. म्हणून जोडीदार पाहिजे आणि त्याच्याकडे दर मिनिट-दोन मिनिटांनी बघायला पाहिजे.

फिन

बोटीवर फिन (पायात घालायचे वल्ह्यासारखे पंख) घालून चालू नका, पडाल. पाण्यात सायकल मारल्यासारखे गुडघे वाकवू नका, पाय मांडीपासून हळू हलवा. पोटरीत गोळा आला तर थांबा, फिनचं टोक धरून स्वतःकडे ओढा, सुटतो.

ऊन आणि थंडी, दोन्ही

पाण्यात गार वाटतं म्हणून ऊन कळत नाही आणि संध्याकाळी पाठीवर झोपता येत नाही. मान, कान, भांग, गुडघ्यांच्या मागची बाजू, पोटऱ्या ह्या जागा हमखास राहतात. सनस्क्रीनपेक्षा पूर्ण बाह्यांचा रॅशगार्ड (पाण्यात घालायचा अंगाबरोबरचा टी-शर्ट) घाला, धुऊन जात नाही आणि प्रवाळालाही त्रास नाही. ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट ही रसायनं असलेल्या सनस्क्रीनच्या विक्रीवर हवाईमध्ये १ जानेवारी २०२१ पासून बंदी आहे, पॅसिफिकमधल्या पलाऊ या बेटांच्या देशानं तर २०२० पासूनच अशी क्रीम बंद केलीत, म्हणजे डबीवरचं बारीक अक्षर बेटावर पोचायच्या आधी वाचा.

आणि उलट बाजू पण आहे. पाणी शरीरातली उष्णता हवेपेक्षा कितीतरी पट वेगानं खेचतं, त्यामुळे २७ अंशाच्या पाण्यातही तासाभरात दात वाजायला लागतात. ओठ थरथरायला लागले की वर या, अजून दहा मिनिटं म्हणू नका.

मान वर करायला विसरणं

खाली इतकं काही दिसत असतं की माणूस अर्धा तास मान वर करत नाही, आणि करतो तेव्हा बोट आगपेटीएवढी झालेली असते. जाताना प्रवाहाच्या विरुद्ध जा म्हणजे दमल्यावर परत येणं सोपं जातं. ओढ लागलीच तर बोटीकडे जीव खाऊन पोहू नका, तरंगा आणि हात वर करा, बोट येते तुमच्याकडे. इशारे निघायच्या आधीच विचारून घ्या, बहुतेक ठिकाणी डोक्यावर हात ठेवला म्हणजे ठीक आणि हात वर करून हलवला म्हणजे मदत पाहिजे. म्हणूनच फोटोसाठी बोटीवरच्या बायकोला हात हलवून दाखवू नका, गाईड सगळं सोडून तुमच्याकडे येईल आणि मग बघण्यासारखा चेहरा करेल.

हात आवरा

दमलात म्हणून प्रवाळावर उभं राहायचं नाही. ते दगडासारखं दिसतं पण जिवंत आहे, गोलसर दगडी प्रवाळ वर्षाला ०.३ ते २ सेंटीमीटर एवढंच वाढतं, तुमची एक टाच कित्येक वर्षांचं काम मोडते. शिवाय खरचटलं तर जखम लवकर भरत नाही, बोटीवर आल्या आल्या गोड्या पाण्यानं आणि साबणानं धुवा. सुंदर शंख उचलू नका, कोन शंखाच्या काही जातींचा डंख माणसाला मारू शकतो. कासवाच्या मागे लागू नका, त्याला श्वासासाठी वर यावं लागतं आणि वरती तुम्हीच छत धरून बसलेले असता. बाजूला शांत तरंगा, बऱ्याचदा तेच जवळून जातं.

जेलीफिश लागला तर चोळू नका, वाळू लावू नका, आणि तो लघवीचा उपाय कृपया विसरा. गाईडला बोलवा, कुठल्या जातीला व्हिनेगर आणि कुठल्या जातीला गरम पाणी हे तिथल्या माणसाला माहीत असतं.

परत येताना

शिडीजवळ घाई नको. इंजिन बंद आहे आणि गाईड "या" म्हणाला की मगच, आणि पुढचा माणूस शिडीवर असताना त्याच्या खाली थांबू नका, तो सटकला तर फिनसकट तुमच्या डोक्यावर.

आणि मोजणी. कंटाळवाणी वाटते, पण जानेवारी १९९८ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर एक अमेरिकन जोडपं डाइव्हिंगच्या बोटीनं मागेच सोडलं होतं, डोकी मोजण्यात चूक झाली आणि ते लक्षात यायला दोन दिवस गेले, दोघं कधीच सापडले नाहीत. त्यानंतर तिथल्या क्वीन्सलंड राज्यात मोजणीचे नियम कडक झाले. म्हणून नाव पुकारलं की फक्त आपलंच "हो" म्हणा, "ती टॉयलेटमध्ये असेल" असं दुसऱ्याच्या वतीनं बोलू नका, आणि मोजणी झाल्यावर पडलेला कॅमेरा काढायला परत उडी तर अजिबात नको. कॅमेऱ्याला तरंगणारा दांडा आधीच लावला असता तर तो वरच असता.