राखणीचा कुत्रा बंदुकीच्या बारला पळून जातो? असं करून बघा

मागच्या वर्षी पावसाळा संपता संपता शेजारच्या उसात रानडुकरं शिरली, म्हणून त्यांनी रात्री लागोपाठ दोन सुतळी बॉम्ब लावले आणि आमची तांबू, जी एरवी डुकरांच्या अख्ख्या कळपावर धावून जाते, ती जी पळाली ते थेट घरी येऊन ट्रॅक्टरच्या ट्रॉलीखाली घुसली. हात घातला तर अंग नुसतं लटलट कापतंय, तोंडातनं लाळ, शेपूट पोटाला चिकटलेली, आणि जिच्यासाठी ती जीव टाकते ती कोंबडीची कलेजी नाकाला लावली तरी बघेना. त्यानंतर लांब कुठं बंदुकीचा बार निघाला, वरातीत माळ लावली, एवढंच काय पत्रा पडला तरी तांबू गायब. रात्री रानात थांबेना. असलं कुत्रं "भित्रं निघालं" म्हणून लोक सरळ सोडून देतात, आणि ते मला बघवत नाही, म्हणून आम्ही काय काय केलं ते सगळं सांगतो.

आधी काय करू नका ते. "आवाजाजवळ बांधून ठेव, आपोआप सवय होते" हा सल्ला गावात प्रत्येक जण देतो. मीही तेच केलं, खांबाला साखळीनं बांधली आणि वीस पावलांवर लवंगीची माळ लावली. साखळी तोडायच्या नादात तिनं मान सोलून घेतली आणि नंतर तर माझ्या हातात काडेपेटी दिसली तरी लपायला लागली. पळायला जागा नसली की भीती कमी होत नाही, उलट मुरते. मारणं, ओरडणं, पाय धरून ओढत आवाजाकडं नेणं, हेही त्यातलंच. पण घाबरलेलं कुत्रं अंगाशी आलं तर खुशाल जवळ घ्या, अंगावरनं हात फिरवा. लाडानं भीती वाढते असं म्हणतात ते खरं नाही.

आणि त्याचे कान आपल्यासारखे नाहीत हेही लक्षात ठेवा. माणसाला २०,००० हर्ट्झपर्यंतचं ऐकू येतं, कुत्र्याला साधारण ४५,००० पर्यंत. बंदुकीचा बार जवळनं १४० डेसिबलच्या वर जातो, म्हणजे आपल्याही कानाला इजा होईल एवढा. त्यामुळं कुत्रं कितीही तयार झालं तरी त्याच्या डोक्यावरनं किंवा कानाजवळ बार कधीच काढू नका.

शिकवायला घ्यायच्या आधी एकदा जनावरांच्या डॉक्टरला दाखवा. कान दुखत असेल, कमरेत किंवा सांध्यात दुखणं असेल, तर कुत्रं आवाजाला जास्त बिचकतं, कारण दचकलं की अंग आखडतं आणि दुखतं, मग त्याला वाटतं आवाजानंच दुखलं. धडधाकट कुत्रं चार-पाच वर्षांचं झाल्यावर अचानक आवाजाला घाबरायला लागलं तर आधी दुखण्याचाच संशय घ्या.

आता मुख्य काम. सगळी मेख एकाच गोष्टीत आहे, आवाज आधी आणि खाऊ नंतर. आवाज झाला, एक सेकंद गेला, तोंडात कलेजी. उलटं केलं, म्हणजे आधी खायला दिलं आणि मग आवाज केला, तर कुत्रं खाऊलाच घाबरायला लागतं, की आता काहीतरी फुटणार. खाऊ पण रोजचा भाकरी-दुधाचा चालत नाही, उकडलेली कलेजी, अंडं, सुकट, असलं काहीतरी पाहिजे जे त्याला एरवी मिळतच नाही आणि फक्त या आवाजानंतरच मिळतं.

सुरुवात मोबाईलवर. बंदुकीच्या आवाजाचं रेकॉर्डिंग घ्या, ब्लूटूथ स्पीकर लांब ठेवा आणि आवाज इतका बारीक ठेवा की कुत्र्याचा कान नुसता हलला पाहिजे, बाकी काही नाही. एका वेळी आठ-दहा आवाज, मध्ये कधी दहा सेकंद कधी मिनिटभर, ठरावीक अंतर ठेवू नका, आणि पाच मिनिटांत बंद. दिवसातनं एकदा पुरे. दोन-तीन दिवसांनी आवाज एक घर वाढवायचा. जागा पण बदलत राहायची, आज ओसरीत, उद्या गोठ्यात, परवा बांधावर, नाहीतर ते फक्त ओसरीतल्या आवाजालाच शिकतं.

आवाज वाढवायचा की नाही हे आपण ठरवायचं नसतं, ते कुत्र्याचं तोंड ठरवतं. कलेजी नेहमीसारखी अलगद घेतली तर ठीक. हिसकावून घेतली, बोटाला दात लागले, तर ताण आलाय, तिथंच थांबा. घेतलीच नाही तर तुम्ही फार पुढं गेलात, दोन पायऱ्या मागं या. झोप नसताना जांभया देणं, सारखे ओठ चाटणं, कान मागं पाडणं, उन्हाचं नसताना धापणं, हे सगळं भीतीचंच असतं, आणि पळण्याच्या बऱ्याच आधी दिसतं.

तांबूला या टप्प्यावर पाच आठवडे लागले. एका संध्याकाळी स्पीकरवर बार वाजला आणि तिनं ट्रॉलीकडं न बघता माझ्या खिशाकडं बघितलं, शेपटीचं टोक दोनदा हललं. पुढं सरकायचं ते हे दिसल्यावरच, आणि एकदा दिसून भागत नाही, तीन-चार दिवस लागोपाठ दिसलं पाहिजे.

स्पीकरमधनं खऱ्या बारचा तो छातीत बसणारा दणका येत नाही, म्हणून खरा आवाज वेगळा शिकवावा लागतो. त्याला माझा भाचा मदतीला होता. त्याच्या हातात दिवाळीतलं टिकल्यांचं पिस्तूल, तो ३०० मीटरवर ओढ्यापलीकडं, मी आणि तांबू इकडं बांधावरनं चालतोय. लांब दोरी लावलेली, पण ढिली. मी खिशातनं मिस्ड कॉल दिला की त्यानं एकच टिकली उडवायची. कुत्रं एका जागी बसलेलं नको, चालत, वास घेत, कामात असलेलं बरं. वारं बघा, वारं त्याच्याकडनं तुमच्याकडं असेल तर आवाज जवळ वाटतो. दर खेपेला २५-३० मीटर कमी करायचं आणि मध्येच एखादा दिवस मुद्दाम परत लांब जायचं, दर वेळी अवघडच होत गेलं तर कुत्रं वैतागतं.

टिकली जमली की परत ३०० मीटरवर जाऊन लवंगी, आणि लवंगी जमली की मग अजून लांबनं खरा बार, तोही परवाना असलेल्या माणसानं, एका दिवशी दोन किंवा तीन. पाईपची ती कार्बाईड गन या कामाला अजिबात वापरू नका, २०२५ च्या दिवाळीत मध्य प्रदेशात तिच्यामुळं कितीतरी पोरांच्या डोळ्यांना इजा झाली.

हे सगळं चालू असताना मध्ये कोणी जवळ बॉम्ब फोडला तर महिन्याची मेहनत वाया जाते. मी शेजाऱ्यांना जाऊन सांगितलं, की बाबांनो दोन महिने फोडायच्या आधी एक फोन करा, आणि त्यांनी केला. फोन आला की तांबूला आतल्या खोलीत घ्यायचं, खिडकीला पोतं, रेडिओ मोठ्यानं. दिवाळीत, विसर्जनात, लग्नसराईतही तेच. रात्री १० नंतर फटाक्यांना बंदी असली तरी वाजतात, तेव्हा त्या दिवसांत संध्याकाळी लवकर फिरवून आणा, साखळीला बांधून ठेवू नका, आणि गळ्यातल्या पट्ट्यावर फोन नंबर लिहा, घाबरलेलं कुत्रं मैलोन् मैल जातं.

भीती फारच असेल तर डॉक्टरकडं औषधं आहेत, त्यांना विचारूनच द्या. माणसाची झोपेची गोळी देऊ नका. काही गुंगीच्या औषधांनी अंग ढिलं पडतं पण भीती आत तशीच राहते, कुत्रं पळू शकत नाही एवढंच, त्यामुळं भीतीवरचंच औषध द्या असं स्पष्ट सांगा.

पिल्लू आणणार असाल तर तुमचं काम पुष्कळ सोपं. तीन ते बारा-चौदा आठवड्यांचं वय सोन्यासारखं असतं, त्या वयात जेवताना लांबनं ताट वाजवा, मोटर चालू करा, ट्रॅक्टरचा आवाज होऊ द्या, पण दचकवू नका. २६/११ ला मुंबईत मॅक्स, टायगर, सुलतान आणि सीझर हे पोलिसांचे कुत्रे त्या सगळ्या धुमाळीत बॉम्ब हुंगत फिरले, ते काय जन्मतः निधड्या छातीचे म्हणून नाही, त्यांच्यावर कुणीतरी रोज मेहनत घेतलेली होती. जन्माचा भाग थोडा असतोच, आवाजाची भीती आईबापाकडनंही येते, म्हणून फार बिचकणाऱ्या कुत्रीची पिल्लं राखणीसाठी घेऊ नका आणि तिची वीणही काढू नका.

काही कुत्री सहा महिने करूनही बारला तयार होत नाहीत. त्यांना रानात नेऊ नका, घराची, गोठ्याची राखण द्या, ती उत्तम करतात.

तांबू आता रानात झोपते. महिन्यातनं एकदा भाचा ओढ्यापलीकडं जाऊन चार टिकल्या उडवतो, मी कलेजी देतो, हे मी बंद केलेलं नाही. परवा पलीकडच्या शिवारात खरा बार निघाला तेव्हा ती उठली, कान टवकारले, आणि येऊन माझ्या खिशाला नाक लावून उभी राहिली.