सतीश शाह यांची आठवण घरात अशी जागवा

२५ ऑक्टोबर २०२५ला विनोदी अभिनेते सतीश शाह गेले. त्या रात्री पंचवटीतल्या आमच्या घरी कुणाच्याच घशाखाली नीट घास उतरला नाही. पुढच्या रविवारी मी सगळ्यांना बोलावलं.

तुम्हालाही बोलवायचं असेल तर हार घातलेला फोटो, भाषणं काही नको. त्यांचं काम लावा. सुरुवात १९८४च्या ‘ये जो है जिंदगी’पासून. दूरदर्शनवरच्या त्या मालिकेत ते दर भागात नवंच पात्र होऊन यायचे. म्हणून दोन भाग लागोपाठ दाखवा आणि चाल, खांदे, आवाज कसे बदलतात ते पोरांना टिपायला सांगा. मग ‘साराभाई व्हर्सेस साराभाई’ या मालिकेतला त्यांचा इंद्रवदन. एक प्रसंग आवाज बंद करून बघाच! बायकोची फिरकी घेताना आधी त्यांचे डोळे हसतात, ओठ मागून.

चहा-चिवडा आणा, पण प्रसंग चालू असताना वाटू नका.

शेवटी घरातल्या मोठ्यांना बोलतं करा, मोबाइलवर रेकॉर्ड करा. आमची आई, गोदाकाठी वाढलेली, सांगत होती: शेजाऱ्यांकडे एकच टीव्ही, ओसरीपर्यंत माणसं, आणि आजोबा हसता हसता धोतराच्या सोग्यानं डोळे पुसायचे. ते रेकॉर्डिंग मी भावंडांना पाठवलंय.